खाऱ्या पाण्याचं निमित्त

चिमणे,

चिठ्ठी कोरफडीच्या बरणीखाली ठेवलीय, कारण जावईबापू त्या लेपाच्या वासानं नाक मुरडतात आणि फ्रिजच्या या कप्प्याला हात लावत नाहीत. वाचलीस की लगेच फाडून टाक.

लेपात दही आणि मध घातलाय. शाम्पू नको, रिठ्याचं पाणी बादलीशेजारी झाकून ठेवलंय. पण खरं सांगू? त्यानं काही होणार नाही. काल लेप लावताना तुझ्या कानामागे माझी बोटं थांबली. कोरडे केस टोकाला तुटतात गं, मूठभर जागा अशी बोडकी होत नाही. तू म्हणालीस, "इथलं पाणी खारं आहे," आणि मी बावळट तीन आठवडे दही घुसळत बसले. अगं, हेच निमित्त मी वीस वर्षं शेजारणींना सांगत आले. तुझ्या बाबांची मूठसुद्धा तिथेच पडायची.

रात्री जेवताना जावईबापू हसून म्हणाले, "आई, मुक्काम अजून किती दिवस?" भांडले असते तर राग तुझ्यावर निघाला असता, म्हणून पहाटे गुपचूप निघतेय.

पण मी गावी जाणार नाही. दवाखान्यासमोरच्या बसथांब्यावर बाकावर बसून राहीन. ते कामावर गेले की ये. बॅग घेऊ नकोस, खालची बाई विचारेल. केस विंचरत बसू नकोस, तशीच ये.

अंधार पडला तरी मी उठणार नाही. माझ्या वेळी अशी वाट बघत बाकावर कुणीच बसलं नव्हतं.

आई