बुटाची पांढरी नाडी

३ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र ट्रकवाल्याने हातोहात पोचवलं. दारातच उभ्याने चहा प्यायला आणि तुझी तब्येत ठीक आहे, फक्त दाढी वाढलीय, एवढं सांगून गेला. तुमच्याकडे टपाल फोडून वाचतात आणि फोन तर मुकाच आहे, तेव्हा यापुढे हाच आपला पोस्टमन. त्याच्याशी भाड्यावरून हुज्जत घालू नकोस.

इथे सगळं ठीक. चिमणीला नोकरी लागली. पहिल्या पगारातून मामाला सदरा घेणार म्हणते, माप कळव. यांचा गुडघा कुरकुरतो आणि गुडघ्यापेक्षा हे जास्त कुरकुरतात.

आता कामाचं. तुमच्याकडचं सरकार सैन्याने उलथवलं आणि परक्यांचे कारखाने आता देशाचे, असं सेनापती म्हणाला, हे रेडिओवर ऐकलं. बाबांचा इथला कारखाना विकून होतं नव्हतं ते सगळं आपण तुझ्या त्या बाटल्यांच्या भट्टीत घातलंय. तशीच वकीलकाकांकडे गेले. ते म्हणाले, करार भक्कम आहे, जमिनीचा दावा आपण तिथल्या कोर्टात जिंकलोय, शिवाय राजकीय जोखमीचा विमा आहे, घाबरायचं कारण नाही. मग त्या विम्यातली मेख सांगितली. सरकारने कारखाना हिसकावला तर पूर्ण भरपाई. पण चोर शिरले, जमावाने जाळला किंवा आपणच कुलूप ठोकून निघालो, तर दमडीही नाही.

म्हणजे सरकारचा हात पडेपर्यंत कुणीतरी तिथे मान पुढे करून बसायचं. हे ऐकून मी काकांसमोरच विमा कंपनीला नाही नाही ते बोलले. तरी तुला सांगते, थोडी कळ काढ, आणि जिवावर बेतू देऊ नकोस. दोन्ही एकदम कसं जमवायचं ते मला विचारू नकोस.

जेवत जा. माया इथे कमी पडायची नाही, तू पत्रं कमी पडू देऊ नकोस.

तुझी,
ताई

१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. चिमणीला शाबासकी दे आणि सांग की मामा बारीक झालाय, सदरा एक माप लहान घे.

वकीलकाका म्हणतात ते अगदी खरं आहे. करार भक्कम आहे. कायदाही तोच आहे, त्यातली एक ओळ बदललेली नाही. फक्त आपला जमिनीचा निकाल देणाऱ्या न्यायाधीशांना मंगळवारी कोर्टातून ओढत बाहेर आणलं आणि त्यांच्याच खुर्चीच्या पायाने मारलं. मी तिथेच होतो, परवान्याची मुदत वाढवायला गेलो होतो. आधी ते कलमांचे आकडे सांगत होते, मग नुसतं थांबा थांबा म्हणत होते, मग काहीच म्हणत नव्हते. दुसऱ्या दिवशी कोर्ट वेळेवर उघडलं. पायऱ्या धुतलेल्या होत्या, पण एक दात फटीत राहून गेला होता. तो ओलांडून मी आत गेलो आणि परवान्यावर शिक्का घेऊन आलो. शिक्का मिळाला म्हणून मला आनंद झाला, ताई. माणसाचं असं होतं.

शेजारच्या कापड गिरणीचा व्यवस्थापक आपल्यासारखाच परका. त्याला गिरणीच्या फाटकावर टांगलं, तिथल्याच कापडाचा पीळ करून. दोन दिवस कुणी उतरवला नाही. आपले कामगार त्याच्याखालून मान खाली घालून कामावर आले. जे आले नाहीत त्यांना मी दोष देत नाही.

मी निघत का नाही असं तू विचारशील. एक तर तो विमा. दुसरं म्हणजे भट्टी. ती काही चूल नव्हे, विझवली आणि पुन्हा पेटवली असं होत नाही. आतली काच थिजली की भट्टी तडकते आणि मग तिचा नुसता दगड उरतो. भट्टीमिस्त्री म्हणतो, तो आहे तोवर आग विझणार नाही. बायको माहेरी पाठवून तो इथेच झोपतो आणि माझ्यापेक्षा मोठ्याने घोरतो.

आणि फाटकावर उंच्या आहे. आपल्या करारात पहाऱ्याची अट होती म्हणून जुन्या सरकारने नेमलेला शिपाई. सरकार गेलं, पण याला परत बोलवायचं कुणाला सुचलं नाही. आपण आता नेमके कुणाचे, हे त्यालाही कळत नाही, म्हणून सकाळी दोन्ही सरकारांना एकदमच शिव्या घालतो. त्याच्या सरकारी बुटाची नाडी तुटली, बाजार बंद. मग भट्टीच्या दाराच्या फटीत भरतो ना आपण, ती पांढरी, न जळणारी दोरी, तिचा तुकडा त्याला दिला. काळ्या बुटावर पांढरी नाडी, नवरदेवासारखा मिरवत होता. ती सुटू नये म्हणून एकावर एक तीन गाठी मारतो आणि संध्याकाळी सोडता येत नाहीत म्हणून बूट घालूनच झोपतो. मी हसलो तर म्हणाला, अशा दिवसांत बूट काढून झोपणाराच मूर्ख. मग आम्ही बिनसाखरेचा चहा प्यायलो.

दाजींना नमस्कार. लोभ आहे तो वाढवत राहा, इथे दुसरं काही वाढत नाहीये.

तुझा,
ठोंब्या

८ मार्च

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून मी यांच्या हातात दिलं. यांनी वाचलं, चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले. मग म्हणाले, पोराला आधी परत आण, भट्टी गेली खड्ड्यात. लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिल्यांदाच मी यांच्याशी वाद घातला नाही.

तरी तुला लिहिण्याआधी विमा कंपनीत जाऊन आले. साहेब फार गोड बोलतो. खुर्ची दिली, पाणी दिलं. मी म्हटलं, शेजारच्या माणसाला फासावर लटकवलंय, हा सरकारचा हात नाही का? तो म्हणाला, टांगणारे गणवेशात होते का? मी म्हटलं, मला काय माहीत. तर म्हणाला, तोच प्रश्न आहे बाई, गणवेश असेल तर सरकार, नसेल तर जमाव. सरकारचा आम्ही विमा उतरवलाय, जमावाचा नाही. पुरावा आणा, आमची ना नाही. त्याच्या टेबलावरचा पेपरवेट काचेचा होता. तो उचलून त्याच्या डोक्यात घालावा असं मला इतकं वाटलं की मी दोन्ही हात पदरात गुंडाळून बसले. मी, जिने आयुष्यात झुरळ मारलं नाही.

तर आता नीट ऐक. हे पत्र मिळेल तेव्हा असशील तसा नीघ. मिस्त्रीलाही घेऊन ये, आपल्याकडे खोली आहे. ट्रकवाल्याशी मी बोललेय. कुलूपसुद्धा लावू नकोस. विमा, करार, बाबांचं नाव, सगळं मी बघते. मागे कळ काढ म्हटलं होतं ते विसर.

सदरा आणलाय. तो घालायला अंग हवं, एवढंच मागते.

तुझी,
ताई

२७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

डाव्या हाताने लिहितोय, अक्षराला हसू नकोस. मी हद्द ओलांडून आपल्या देशात आलोय, हद्दीजवळच्या सरकारी इस्पितळात आहे. उजवा हात कोपरापर्यंत भाजलाय, पण राहील म्हणतात. तुझं पत्र मला ट्रकमध्ये मिळालं, म्हणजे मी निघाल्यावर.

ते भर दुपारी आले. तीसेक जण, अंगात साधे सदरे, हातात कुऱ्हाडी आणि पहारी. जमाव असा येत नाही, ताई. जमाव ओरडतो, धक्काबुक्की करतो. हे रांगेने आले, आणि सगळ्यांच्या पायात सारखेच बूट होते. गणवेश उतरवून ठेवायचा हुकूम मिळालेला दिसत होता. आपल्या विम्याच्या अटी त्यांच्या सेनापतीला आपल्याइतक्याच नीट कळल्या असाव्यात.

त्यांनी आधी गॅसची नळी बंद केली. मिस्त्री ती उघडायला धावला. एकाने त्याच्या पाठीत कुऱ्हाड घातली. तो पडला तरी हात नळीच्या चाकावरच होता, म्हणून मग त्यांनी हात तोडला. हे सगळं त्यांनी न बोलता केलं, लाकूड फोडावं तसं.

वितळलेल्या काचेचा नमुना घ्यायचा लांब दांड्याचा पळा माझ्याजवळच होता. मी तो भट्टीत बुडवला, भरला आणि जो सगळ्यात पुढे होता त्याच्या तोंडावर फेकला. पाणी फेकल्यासारखं होत नाही ते. काच चिकटते. त्याला ओरडताही आलं नाही. तो गुडघ्यावर बसला, मग आडवा झाला. उलट्या उडालेल्या काचेने माझा हात भाजला, ते मला नंतर कळलं. बाकीचे मागे सरले. मी पुन्हा पळा भरला आणि ते दारापर्यंत मागे गेले. मला बरं वाटत होतं. तुझ्याशी खोटं बोलत नाही, त्या घटकेला मला फार बरं वाटत होतं.

मग मी खाली पाहिलं. चेहरा असा उरलाच नव्हता, अंगात इतरांसारखाच साधा सदरा. पण बुटाला पांढरी नाडी होती, तीन गाठींची.

याच्यापुढचं कुणालाही सांगू नकोस, दाजींनाही नाही. मला रडू आलं नाही. मला विमावाला आठवला. बुटाच्या जिभेवर सरकारी शिक्का आणि शिपायाचा नंबर असतो, हे मला उंच्यानेच एकदा दाखवलं होतं. पुरावा हाच, असं माझं डोकं म्हणालं. त्याचा पाय अजून हलत होता, ताई, आणि मी त्याच्या पायातला बूट काढत होतो. गाठी सुटेनात म्हणून मी पिरगाळून ओढला.

मागच्या दाराने निघालो आणि अंधार पडेपर्यंत जवळच लपून राहिलो, तेव्हा भट्टी तडकली. सगळ्या रस्त्यावर आवाज झाला. ट्रकवाल्याने मला वाळूच्या पोत्यांखाली घातलं. बूट त्याच्यासोबत पाठवतोय. त्यात आपली भरपाई आहे. मिस्त्रीच्या बायकोला त्यातला वाटा द्यायचा, एवढंच माझं मागणं.

माझ्यावर लोभ करावा की नाही, ते आता तू ठरव.

ठोंब्या

१५ एप्रिल

चि. ठोंब्यास,
अनेक, अनेक आशीर्वाद.

बूट मिळाला. वकीलकाकांकडे घेऊन गेले. त्यांनी चष्म्यातून नंबर वाचला, शिक्का पाहिला आणि टेबलावर थाप मारली. म्हणाले, जिंकलो, सरकारी शिपाई, सरकारचा हात, कंपनीला पैसे द्यावेच लागतील. मीही हसले. मग त्यांचं हसू हळूहळू उतरलं आणि त्यांनी बूट उलटा ठेवला.

मी खोदून विचारलं तेव्हा बोलले. बूट दाखवला की तो कुठून आला हे तुला शपथेवर सांगावं लागेल. कंपनी पैसे देईल आणि तेच वसूल करायला सगळे पुरावे घेऊन त्या सरकारकडे जाईल. त्या सरकारने तर रेडिओवर सांगितलंच आहे की रजेवरच्या एका शिपायाला परक्या मालकाने जिवंत जाळलं. खुनी एकमेकांच्या हवाली करायचे असा आपला आणि त्यांचा तह आहे, आणि तो अजून लागू आहे. जुन्या सरकारचे बाकी सगळे करार फाडले, हा तेवढा जपून ठेवलाय. म्हणजे बूट आपल्याला पैसे देईल आणि तुझ्या गळ्यात दोर घालील. काका म्हणाले, निर्णय घरच्यांनी घ्यायचा, मी काही बोलणार नाही. इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच फी घेतली नाही.

निर्णय कसला घ्यायचा? दुसऱ्या दिवशी विमा कंपनीत गेले आणि लिहून दिलं, कारखाना जमावाने लुटला, आमचं काही मागणं नाही. साहेबाने पुन्हा खुर्ची दिली, पुन्हा पाणी दिलं. खेद झाला म्हणाला. मी पाणी प्यायले आणि पेपरवेट जिथल्या तिथे राहू दिला.

घर विकायचं ठरलंय. यांनीच ठरवलं. त्यातून मिस्त्रीच्या बायकोचा वाटा आधी जाईल. दोन खोल्यांत राहू, त्यातली एक तुझी. चिमणी म्हणाली, मामा माझ्या पगारावर जगेल आणि मी त्याला रोज टोमणे मारीन. तिला मी सगळं सांगितलेलं नाही. कुणालाच नाही.

लोभ करावा की नाही, ते मी ठरवायचं म्हणतोस. तू एका माणसाला मारलंस आणि मरताना त्याच्या पायातलं ओढून घेतलंस, ते आमच्यासाठी. याबद्दल तुला माफ करणारी मी कोण? ते त्याच्या घरच्यांनी करायचं, आणि ते कधी करणार नाहीत. पण तू माझा भाऊ आहेस, आणि तुझा हात मलाच धरायचाय, तोच, भाजलेला.

बूट काल मागच्या अंगणात जाळला. रॉकेल दोनदा ओतावं लागलं. चामडं, तळवा, शिक्का, नंबर, सगळं गेलं. वासाने शेजारीण विचारायला आली, तिला सांगितलं जुना बूट आहे. आज सकाळी राख भरायला बसले तर राखेत ती नाडी सापडली. पांढरीच्या पांढरी. तूच लिहिलं होतंस की ती जळत नाही, माझ्याच लक्षात राहिलं नाही.

धुऊन वाळत घातलीय. गाठी तीनही आहेत, त्या मी सोडलेल्या नाहीत. त्या त्याने मारल्यात, तेव्हा आपण त्यांना हात लावायचा नाही, असं मला वाटतं. तुझं काय म्हणणं आहे ते इथे येऊन सांग.

ट्रकवाला गुरुवारी तिकडे येतोय. सदरा त्याच्याकडे दिलाय. उजवी बाही मोकळी सोडून घाल, आणि नीघ.

तुझी,
ताई