चौथा भाग

४ जानेवारी

पोचले एकदाची सासरी! खाली चष्म्याचं दुकान आणि वर घर, असा सगळा थाट आहे. बाबा, म्हणजे सासरे, गिऱ्हाइकांचे नंबर तपासतात. मोठे भाऊजी आणि हा, माझा नवरा, मिळून भिंगं घासतात आणि चिऊ, माझी धाकटी नणंद, फ्रेमा दाखवते. भिंगं घासायच्या मशीनची घरघर वरच्या खोल्यांपर्यंत येते. सासूबाई म्हणाल्या, थोड्या दिवसांनी ती तुला ऐकूसुद्धा येणार नाही. सासूबाईंना मी आई म्हणायचं आणि सासऱ्यांना बाबा. तोंडाला सवय नव्हती, माझे दोघेही लहानपणीच गेले. पण हाक मारली आणि इतकं गोड वाटलं की पाणी आणायचं निमित्त करून पुन्हा एकदा मारली.

मोठे भाऊजी गप्प गप्प असतात. थोरल्या जाऊबाई वारल्या, हे लग्न ठरतानाच मामानं सांगितलं होतं, म्हणून मी तो विषय काढला नाही.

आता खरी गंमत. बैठकीच्या खोलीत भिंतभर पुस्तकं आहेत आणि ती सगळीच्या सगळी माझ्या आवडीची! तरंगती शहरं, बोलके डोंगर, सावल्यांचे बाजार. मामाकडे असली पुस्तकं मी गादीखाली लपवून वाचायचे. मामी म्हणायची, लग्नाचं वय झालं तरी हिचे राक्षस सुटत नाहीत. इथे दुकान बंद झालं की सगळे जमतात. नव्या कादंबरीचं एकेक प्रकरण बाबा मोठ्यानं वाचतात आणि मग चर्चा होते. नवी फँटसी बाजारात आली की पहिली प्रत या घरात येते म्हणे. देवा, मला नेमकं माझंच घर मिळालं!

९ जानेवारी

उलट्या नदीची कादंबरी चालू आहे. आज मी धीर करून तोंड उघडलं. म्हटलं, नदी समुद्राकडून डोंगराकडे वाहते हे ठीक, पण मग तिचं पाणी गोड कसं? मला वाटलं, झाली फजिती. तर बाबांनी पानात बोट ठेवून पुस्तक मिटलं आणि म्हणाले की नव्या सुनेनं पहिल्याच आठवड्यात नस पकडली. आईंनी माझ्या गालाला हात लावला. मी रात्रभर हसत झोपले असेन.

मग त्यांनी घरातली पद्धत सांगितली. पुस्तक नुसतं वाचायचं नाही, त्यात राहायचं. पात्रांच्या चिठ्ठ्या टाकतात. ज्याला जे पात्र येईल, त्यानं पुस्तक संपेपर्यंत तसं वागायचं आणि इतरांनीही त्याला तसंच वागवायचं. मला राणी आली! मी खोलीत शिरले की भाऊजी उठून उभे राहतात. हा माझ्या चपला हातात घेऊन जिना उतरला. हसून हसून पोट दुखलं.

२३ जानेवारी

दुसरी कादंबरी, काचेच्या गावाची. या वेळी चिऊला दासी आली आणि मला तिची मालकीण. दासी सगळ्यांच्या मागून जेवते, खाली दुकानात काउंटरमागे झोपते. आज तिची कॉलेजातली मुलाखत होती. सकाळी ती केस विंचरून, कागद घेऊन जिन्यापाशी उभी राहिली. आईंनी शांतपणे विचारलं की दासी कधी मुलाखतीला जाते का? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता वाक्य माझं होतं.

मी म्हणाले, "कागद ठेव तिकडे आणि फ्रेमा पुसायला घे."

बाबांनी टाळी दिली. चिऊ दिवसभर फ्रेमा पुसत होती, तिचं नाक लाल झालं होतं. संध्याकाळच्या चर्चेत सगळ्यांचं एकमत झालं की मालकीण अप्रतिम वठली. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं.

झोपताना याला विचारलं, कुणी मध्येच नको म्हटलं तर? हा म्हणाला, म्हणू दे की. जो खेळातून उठला तो घरातून उठला. एवढं बोलून हा कूस बदलून घोरायला लागला.

३ फेब्रुवारी

दुपारी सगळे दुकानात होते. मी कपडे वाळत घालायला मागच्या गॅलरीत गेले, तर तिथल्या नळाखाली एक बाई ताट घासत होती. करड्या रंगाचं लुगडं, केस कापलेले, मनगटं काडीसारखी. मी विचारलं, कोण तुम्ही? तिनं वर पाहिलंच नाही. ताट उपडं ठेवलं, मागच्या खोलीत गेली आणि दार लोटलं. ती अडगळीची खोली आहे असं मला सांगितलं होतं.

खाली जाऊन आईंना सांगितलं. त्या एका गिऱ्हाइकाची फ्रेम वाकवून बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, ती थोरली. ती वारली ना, तिसऱ्या भागाच्या शेवटी."

आणि फ्रेम गिऱ्हाइकाच्या नाकावर चढवून त्यांनी विचारलं, टोचत नाही ना?

४ फेब्रुवारी

यानं सगळं सांगितलं, तेही दाढी करता करता. 'मिठाचं राज्य' नावाची मालिका आहे. तिच्यात थोरल्या जाऊबाईंना राणीची बहीण आली होती आणि भाऊजींना सेनापती, तिचा नवरा. तिसऱ्या भागाच्या शेवटच्या पानावर बहीण मरते. मात्र तिच्या ओठांवरचं मीठ विरघळतं असं लिहिलंय, म्हणजे चौथ्या भागात ती परत येणार. चौथा भाग अजून निघालाच नाही. मालिका संपल्याशिवाय पात्र सुटत नाही, हा नियम आहे. म्हणून त्या मेलेल्या.

किती वर्षं झाली, मी विचारलं. हा वस्तरा धूत म्हणाला, सहा होतील. लेखक फार आळशी आहे.

मला हसू येईल असं वाटलं. आलं नाही.

६ फेब्रुवारी

आईच रोज जाऊबाईंच्या दाराशी ताट ठेवतात, पण दाराकडे न बघता. भाऊजी त्या दारावरून जाताना शीळ घालतात. आज मी माझ्या ताटातलंही थोडं त्यांच्यासाठी नेलं आणि दारात बसून म्हटलं, जाऊबाई, मी धाकटी. दाराला कडी नाही, कुलूप नाही. जिना चार पावलांवर आहे. चला, आत्ता माझ्याबरोबर खाली चला.

मग फटीतून आवाज आला. वापर नसल्यानं घोगरा झालेला.

"चौथा भाग आला?"

१३ फेब्रुवारी

पुस्तकांच्या दुकानात जाऊन आले. दुकानदार भला माणूस आहे, त्यानं मासिक काढून दाखवलं. मिठाच्या राज्याच्या लेखकानं जाहीर केलंय, चौथा भाग लिहिणार नाही. कंटाळा आला म्हणे. वाचकांनी वाट पाहू नये.

मी जवळजवळ धावतच घरी आले. आता खेळ संपला, सुटल्या जाऊबाई! चर्चेला सगळे जमल्यावर मी उभी राहून सांगितलं. बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले, ही फारच महत्त्वाची गोष्ट कळली. आतापर्यंत आपण तिला परत येणारी मेलेली समजत होतो.

आई म्हणाल्या, म्हणजे ती नुसतीच मेलेली.

भाऊजींनी मान हलवली. चर्चा छान झाली, असं हा नंतर म्हणाला.

१५ फेब्रुवारी

ताट ठेवणं बंद झालं. मी आईंना विचारलं, त्या म्हणाल्या, जो परत यायचाच नाही त्याला कशाला ताट? मी याच्यापाशी रडले. हा म्हणाला, तूच तर बातमी आणलीस.

१७ फेब्रुवारी

जाऊबाईंसाठी ओच्यात भाकरी लपवून नेते. नेलेलं त्या खातात, पण माझ्याशी बोलत नाहीत. आज चिऊनं पाहिलं. तिनं सांगितलं असणार. जेवायला बसल्यावर बाबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की नवी सून मेलेल्या माणसाला जेवू घालते, याची नोंद घ्यायला हवी. कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

मी चौकीवर जायचं मनात आणलं. पण हवालदारानं जाऊबाईंना विचारलं तर त्या काय सांगणार? मी मेले आहे, असंच सांगतील.

१९ फेब्रुवारी

एक युक्ती सुचली. त्यांच्याच नियमानं त्यांना हरवायचं. मी चर्चेत म्हटलं, लेखकानं मालिका टाकून दिली तर पुढचं लिहायचा हक्क वाचकाचा नाही का? चौथा भाग मी लिहिते.

बाबांचे डोळे लकाकले. म्हणाले, लिही. पण पटला पाहिजे.

२४ फेब्रुवारी

तिन्ही भाग दोनदा वाचले, मग लिहिलं. काय लिहिलंय मी! स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटते. आज वाचून दाखवलं. माझ्या गोष्टीत बहीण मिठातून उठते, दरवाजे उघडतात, संपलं.

त्यांनी माझ्या चिंध्या केल्या. आई म्हणाल्या, भाषा बरी आहे पण हे पोरकट झालं. चिऊ म्हणाली, फुकटात कोण उठतं? बाबांनी दुसरा भाग काढून पान दाखवलं. त्या राज्यात जीव परत हवा असेल तर जीव मोजावा लागतो. मी ते पान वाचलं होतं. वाचून सोडून दिलं होतं.

पुन्हा लिहायला सांगितलंय.

२६ फेब्रुवारी

दुसऱ्यांदा वाचलं. या वेळी सेनापती आपला जीव देतो. त्यानंच द्यायला हवा, नवरा ना तो! वाचताना मी भाऊजींकडे बघत होते. त्यांची शीळ बंद झाली, चेहरा पांढरा पडला. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

बाबांनी माझे कागद मागून घेतले आणि चाळले. मग म्हणाले, रचना उत्तम, पण सेनापती पटत नाही. जीव देणाऱ्याचं प्रेम आधी दिसायला हवं. सहा वर्षांत या सेनापतीनं त्या दाराशी एक घोट पाणी ठेवलं का? नाही. मग तिच्यासाठी कुणी काय केलं? उपाशी असताना कुणी खायला नेलं? तिच्यासाठी पुस्तकांच्या दुकानापर्यंत कोण गेलं? रात्रंदिवस जागून कुणी लिहिलं?

प्रत्येक प्रश्नागणिक एकेक मान माझ्याकडे वळत होती. शेवटी याचीही वळली. हा हसत होता, कौतुकानं, पहिल्या दिवशी हसला होता तसाच.

आई म्हणाल्या, "आता कसं अगदी पटतंय."

२७ फेब्रुवारी

पहाटे निघायचं ठरवलं होतं. जिन्याच्या दाराला कुलूप. हा म्हणाला, कुठे निघालीस? आज तर शेवटचं प्रकरण.

बाबांनीच वाचलं. शेवट त्यांनी त्यांच्या हातानं दुरुस्त केला होता, जीव देणाऱ्या सेनापतीच्या जागी आता धाकटी जाऊ होती. मग भाऊजी उठले आणि मागच्या खोलीतून जाऊबाईंना हाताला धरून घेऊन आले. आईंनी त्यांना पोटाशी धरलं, चिऊ रडली, मीसुद्धा रडले. त्या माझ्या खुर्चीत बसल्या. मी त्यांच्या पाया पडले, म्हटलं, जाऊबाई, सांगा ना यांना.

त्यांनी माझ्या डोक्यावरून भिंतीकडे बघितलं. आईंना विचारलं, वाढायचं का?

२८ फेब्रुवारी

मागच्या खोलीत आहे. अंगावरचं हे लुगडं जाऊबाईंचं. दाराला कडी बसवली, बाहेरून. जाऊबाईंनीच सांगितलं. मी ऐकलं ते. मी राहिले कडीशिवाय, म्हणाल्या, ही राहायची नाही.

२ मार्च

आज मामा आला होता! खाली त्याचा आवाज ऐकला, खोकला तर ओळखीचाच. दारावर मुठी आपटल्या, ओरडले. लगेच मशीन सुरू झालं. मामा असेपर्यंत थांबलं नाही. मग हा जिन्यात कुणाला तरी सांगत होता, मामा फार रडले, पण समजूतदार आहेत.

५ मार्च

ताट नाही. पहिल्या दिवसापासूनच नाही. मालिका पूर्ण झाली ना. परत यायची सोयच ठेवली नाही बाबांनी त्या शेवटात — मी वाचायला हवं होतं नीट — तांब्यात थोडं पाणी आहे

दुपारी फटीतून म्हटलं, जाऊबाई, घोटभर. पावलं थांबली होती. मग गेली.

७ मार्च

याला मुलगी बघायला गेले सगळे. चिऊ गजरा का काहीतरी विसरली म्हणून परत आली. चिऊ, मी म्हटलं. चिऊ, माझं चुकलं, त्या दिवशी, फ्रेमा —

ती दाराशी वाकली. मालकीणबाई, म्हणाली. आणि हसली.

मुलीला वाचनाची आवड आहे म्हणे

बहुतेक ८

बैठकीतून आवाज येताहेत. माझ्या भागावर चर्चा आहे — माझ्याच — कान भिंतीला लावलाय. बाबा म्हणाले इतका निर्दय शेवट त्यांनी वाचला नव्हता. आई म्हणाल्या, हात आहे पोरीला. मला — मला हे ऐकून अजूनही —

जाऊबाई बोलताहेत आता. त्यांना एकच गोष्ट खटकली, दारावरून जाताना आत लेखणी खरखरते ती. म्हणतात, मी सहा वर्षं होते तिथे, मी एक अक्षर लिहिलं नाही. मेलेली बाई लिहिते कशी?

बाबा म्हणाले, खरंच की.

खुर्च्या सरकल्या. भाऊजींची शीळ, इकडे येतेय — कडी का —