रोलसाठी राजधानीत

गुरुवार, १२ फेब्रुवारी
आजही चिलीबरोबर दालचिनीचा रोल नाही. सप्टेंबरपासून बंद. सव्वीस वर्षं शाळेच्या किचनमध्ये मी दर गुरुवारी खिमा-राजम्याची चिली आणि शेजारी रोल वाढला. चिलीत रोल बुडवतच हे गाव मोठं झालं. आता म्हणे राजधानीतून परवानगी नाही. कारण? कुणी सांगत नाही. उलट तिकडून पुन्हा तो पिवळा फॉर्म. सत्तावीस रकाने. आधीच्या तीन फॉर्मांबरोबर रबरबँडच्या खणात कोंबला. चारशे पोरं जेवायची असताना वाचत कोण बसणार!
ठरलं. राज्य शिक्षण मंडळाची निवडणूक लढवायची. निवडून आले की पहिल्याच दिवशी रोल सुरू.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी
डेल्मरला सांगितलं. नवरा म्हणून टाळ्या वाजवायच्या, तर म्हणतो, अगं आर्लिस, तू आठवीत शाळा सोडलीस. म्हटलं, म्हणूनच कामाला वेळ मिळाला. मग म्हणे, मंडळ नेमकं काय करतं ते वाचलंस का? वाचू की. पळून चाललंय का ते!

सोमवार, ४ मे
पेपरवाल्यांची प्रश्नावली. ‘शिक्षण’ यापुढे लिहिलं: शाळेत २६ वर्षं. एक अक्षर खोटं नाही. ‘आपलं धोरण?’ रोल. बाकी रकाने रिकामे सोडले. लोकांना थोडक्यात आवडतं.

शनिवार, १८ जुलै
जत्रेची मिरवणूक. बाकी उमेदवार ट्रॅक्टरवरून गोड गोळ्या उधळतात. मी रोल उधळले, फॉइलमध्ये गुंडाळून. त्यातला एक रोल पाद्री उल्रिक यांच्या गालावर सणकन बसला. म्हणाले, आर्लिसबाई, दुसरा गालही आहे हो, येऊ द्या. मत पक्कं.

बुधवार, २ सप्टेंबर
समोरचा उमेदवार, रिटायर्ड हेडमास्तर हान्झलिक, माघार घेऊन ॲरिझोनाला गेला. घाबरला. डेल्मर म्हणतो, त्याच्या गुडघ्यांना इथली थंडी सोसत नाही, तिकडे लेक असते. सप्टेंबरात कसली आलीय थंडी! लाट म्हणतात ती हीच. माझी.

मंगळवार, ३ नोव्हेंबर
निवडून आले!! विरोधात कुणी नव्हतं, तरी काही आगाऊ लोकांनी मतपत्रिकेवर हाताने दुसरी नावं लिहिली, इथे तसं चालतं. एकशे बारा मतं जत्रेत पहिल्या आलेल्या डुकराला. बिचाऱ्याने चांगली झुंज दिली.

शुक्रवार, १८ डिसेंबर
किचनचा राजीनामा दिला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, बैठक महिन्यातून दोन दिवस असते, नोकरी कशाला सोडता? म्हटलं, मंडळाची बाई पळी धरत नसते. किल्ल्या त्या नव्या ब्रेनाला दिल्या. पोरगी बरी आहे. खोड एकच, कागद दिसला की वाचत बसते.

गुरुवार, ७ जानेवारी, संध्याकाळ
पहिली बैठक. तीन तास गाडी हाकली. उभी राहिले, टेबलावर हात आपटला, म्हटलं, रोल सुरू करा!
अध्यक्षबाई गोंधळल्या. म्हणाल्या, अहो आर्लिसताई, बंद कुठे आहेत? कृती पिवळ्या फॉर्मवर लिहून पाठवली की परवानगी मिळते. सगळ्या शाळांनी पाठवली. एकच किचन अडून बसलं होतं, चारदा फॉर्म धाडला तरी उत्तर नाही. कारकून म्हणाला, तेही आलं की सोमवारी. ब्रेना नावाच्या बाईंची सही आहे.
मी म्हटलं, बघा! मी आले आणि काम झालं.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
दुपारी जेवायला गार सँडविच आणि गाजराच्या कांड्या. समोर गणिताचा अभ्यासक्रम, तीनशे चाळीस पानं, पुढच्या बैठकीला वाचून यायचा. अशी चार वर्षं.
डेल्मरला फोन केला. तोंडात घास. आज शाळेत नातीबरोबर जेवला म्हणे, दोन रोल घरीही आणले. तुझ्या रोलपेक्षा मऊ आहेत, म्हणाला. मग घाईघाईने, तुझ्याइतकेच. उपयोग काय, बोलून बसला होता.
मग ब्रेनाला लावला. सहज विचारलं, गुरुवारी मदतीला कुणी हवं आहे का. म्हणाली, या की काकू, हवंच आहे. फॉर्म पाठवते, तेवढा भरून द्या.
सत्तावीस रकाने.