कातळाखालचा गाळ

९ एप्रिल १९७३

जत तालुक्यातल्या या वाडीत आज दुपारी पोचलो आणि पहिल्याच जेवणात घरचं दही मिळालं, तेही अशा दुष्काळात! घरमालकीण बनाबाई. तिचा मुलगा फौजेत असतो, त्याने बांधलेलं नवं घर तिने मला भाड्याने दिलं आहे. बाहेर एक लांबट खोली, आत स्वयंपाकघर, भिंतींना ताज्या चुन्याचा वास. शालू मिरजेहून आठवड्याभरात येईल. लग्नानंतर आम्हा दोघांचंच असं हे पहिलं घर, म्हणून मी उगाचच दोनदा झाडून काढलं.

गावाला वाटतं, सायेब पाणी शोधायला आलाय. मी आलोय काळ्या कातळाखाली काय आहे ते बघायला. हा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. तो पसरण्याच्या कितीतरी आधी ही भूमी दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फाळ खंडाला चिकटून होती. मग दोन्हीकडून ओढ बसली. गव्हाची कणीक ओढली की मध्ये पातळ होते, तशी जमीन पातळ झाली आणि खचली. खोलगटात समुद्र शिरला, गाळ साचला, गाळाच्या भाराने ती आणखी खचली आणि शेवटी तुटली. अर्धा गाळ तिकडे ध्रुवाजवळ, किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्राखाली गेला. उरलेल्यातला थोडा इथे सापडेल असं मी वर्षभर ओरडतोय. वरिष्ठ हसले, पण आधीच्या साहेबाचं अर्धवट राहिलेलं बोअर पुढे न्यायची परवानगी मिळाली. सापडला तर माझं नाव होईल.

१८ एप्रिल

शालू आली. आल्या आल्या बाहेरच्या खोलीकडे बघून म्हणाली, भांडी लागायच्या आधी दगड लागले की! बोअरमधून निघणारे दगडाचे दांडे लाकडी पेट्यांत क्रमाने ठेवावे लागतात, आणि त्यासाठी मागितलेली शेड कचेरीने मंजूर केलेली नाही. तेव्हा पेट्या आमच्याच घरात.

ड्रिलचं टोक झिजलं आहे. नवं मागितलं, तर जुनं नेमकं कशाने झिजलं ते कळवा म्हणतात. दगडाने झिजलं, आणखी कशाने झिजणार? उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं! मुकादम नानासो आणि त्याची माणसं सावलीत बसून तंबाखू मळतात, मी चरफडतो.

२६ एप्रिल

नवं टोक परवा एकदाचं आलं आणि आज कातळ संपला! खाली राखाडी गाळ, आणि त्यात गुळगुळीत, ओरखडे पडलेले गोटे. बर्फानेच आणून टाकलेले. मी शालूला मिठी मारायचा तेवढा राहिलो, कारण सगळे बघत होते.

पण आनंदात मिठाचा खडा पडलाच. इकडे विहीर खणताना पहिला गाळ वर आला की त्यातली मूठभर परत आत टाकतात. नानासो म्हणाला, "भुईचं भुईला द्यावं, सायेब. मग कायबी न्या." मी समजावलं की आमच्यात इंच इंच मालाचा जाब द्यावा लागतो, मूठ कमी भरली तर कचेरी माझ्या मानगुटीवर बसेल. बनाबाई मुद्दाम चालत आली. "आवं, मूठभर तर हाय. लय मागत न्हाई ती." मी पेटीला खिळे ठोकले आणि संध्याकाळच्या ट्रकने पाठवून दिली. ट्रक दिसेनासा होईपर्यंत नानासो त्याच्याकडे पाठ करून उभा होता.

४ मे

आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. आता खोदतो त्यापेक्षा जास्त गाळ वर येतोय. धंद्यात नेहमी कमीच येतो, काही ना काही खाली गळतंच. मी खरं ते कळवलं, तर कचेरीचं उत्तर आलं, मोजमाप दुरुस्त करून पुन्हा पाठवा. काय दुरुस्त करू? ओला गाळ फुगतो, असं स्वतःला सांगतो. पण तो बर्फासारखा गार आहे. बाहेर फुफाटा, आणि नानासो हाताला गोणपाट गुंडाळून दांडे उचलतो.

११ मे

बाहेरच्या खोलीतली कपडे वाळत घालायची दोरी तुटली. शालूने तुकडा जोडून पुन्हा बांधली, तर दोन दिवसांत तारेसारखी ताणली आणि परत तुटली. ओल्या चादरी टाकतेस म्हणून मी तिच्यावर खेकसलो. कचेरीचा राग तिच्यावर निघाला. ती शाल पांघरून बसली. मे महिन्यात शाल!

फरशीवर पाणी सांडलं की खोलीच्या मध्यावर जातं, पेट्यांखाली. बनाबाई हल्ली उंबऱ्याबाहेरूनच बोलते.

१५ मे

खोली मोजली. वाढली आहे. मध्यरेषेवर खचलीही आहे.

भिंतीला एकही तडा नाही, तडा असता तर बरं वाटलं असतं. मधल्या भागातला चुना विरळ झालाय, दगडसुद्धा विरळ झालेत, दुपारी त्यातून उजेड दिसतो. हा क्रम मला पाठ आहे. आधी पातळ होते, मग खचते, मग —

कचेरीला तार केली की पहिली पेटी ताबडतोब परत पाठवा. शालू म्हणते, मिरजेला जाऊ. मी म्हटलं, दोन दिवस थांब, अहवाल अर्ध्यावर टाकला तर सगळं श्रेय वरचे घेतील. ती रडली. रडू दिलं मी तिला.

१८ मे

उत्तर आलं. पहिल्या पेटीतला गाळ तपासणीसाठी कुटला, शिल्लक काही नाही. परत मागण्याचं कारण लेखी कळवावे.

नंतरच्या पेट्यांतला गाळ टोपल्याने नेऊन बोअरमध्ये ओतला. नानासो लांब उभा होता. "त्यो न्हवं, सायेब. पयला." खाली पडल्याचा आवाज आला नाही.

खड्ड्यात गेला अहवाल. उद्या दुपारच्या एस.टी.ने दोघंही निघणार. शालू कितीतरी दिवसांनी हसली.

१९ मे, दुपार

एस.टी. फाट्यावर येऊन उभी आहे, हॉर्न ऐकू येतोय. मी बाहेरच्या उंबऱ्यावर. शालू आत ट्रंक आणायला गेली. हाक मारली, तर तिची ओ फार उशिरा आली —

स्वयंपाकघराचं दार दिसतंय. एवढंसं. त्यात ती. मधे पेट्या नाहीत. पाणी आहे. चाखलं, खारट —

तिच्याकडे धावलो. धावलो तेवढी ती मागे गेली. म्हणून परत येऊन बसलोय. हलायचं नाही. मी हललो की वाढतं. वही एवढ्यासाठीच घेतली, हात गुंतवून जागचा न हलायला. तिला ओरडून सांगितलं, ट्रंक टाक, तू ये, मी जागचा हलत नाही —

तिला कालच मिरजेला पाठवायला हवं होतं. परवाच. माझं नाव, माझं —

येतेय. ट्रंक टाकली तिने. पाणी घोट्याएवढंच आहे. माझ्याकडेच बघतेय, हात पुढे करून. झपझप पाय उचलतेय. शालू चालतेय, माझ्याकडेच चालतेय, तरी दर पावलाला ती आणखी