निळी बादली

सुकापूर, नवीन पनवेल
५ जानेवारी २०२५

चि. चंद्रावती हिस,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद आणि प्रभू येशूच्या नावाने सलाम. हा सलाम वाचून तू हसणार हे मला ठाऊक आहे. हस. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुमची खबर गुणाबाई भाजीची टोपली उतरवतानाच सांगते, आणि हे पत्रही तिच्याच टोपलीतून नेऱ्याला येईल. फोन का केला नाही म्हणून रुसू नकोस. तुझा फोन कायम स्पीकरवर असतो. मी नुसती शिंकले तरी ओटीवरून कोणीतरी विचारतं, "कोन गो ती?"

वालाच्या शेंगा पोचल्या. सोसायटीच्या गच्चीवर पोपटी लावायची परवानगी सेक्रेटरी देईना. ज्या जागेवर माझ्या सासऱ्यांचं खळं होतं, तिच्यावरच्या गच्चीत मला शेंगा भाजायला मनाई! हे गेटवर जाऊन भांडून आले, तोवर अंकिताने शेंगा कुकरला लावल्या. परेशने मिटक्या मारत खाल्ल्या. बायकोने केलेलं त्याला सगळंच गोड लागतं. मला मात्र खाववलं नाही. हल्ली तिखटाने तोंडात आग होते. अंकिता दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे चला म्हणून मागे लागलीय, पण सवड कुठे आहे? दर रविवारी सभा, शुक्रवारी उपासप्रार्थना, आणि आता सव्वीस तारखेचा मेळावा आलाय.

मेळाव्यात मी पुन्हा साक्ष द्यायची असं पास्टर सुशांत म्हणतात. परेशच्या आजारपणात ते रोज दवाखान्यात येऊन बसायचे, त्यांना नाही कसं म्हणू? शिवाय तुला तो व्हिडिओ कोणी पाठवला कोण जाणे, ज्यात मी माईक धरून सांगतेय की प्रभूने माझी मिश्री सोडवली. त्या माईकवर माझा आवाज बाजारात ओरडणाऱ्या बाईसारखा येतो. पण लोकांना आवडतं.

बादलीचं विचारलं होतंस. आमच्या हॉलमध्ये साक्ष झाली की पास्टर पुढे एक निळी बादली ठेवतात. ज्याला जे सोडायचं असेल ते त्यात टाकायचं. कोणी गुटख्याची पुडी टाकतो, कोणी सिगारेटचं पाकीट, आणि बायका मिश्रीच्या डब्या. माझीही डबी मी तशीच टाकली होती. सभा संपल्यावर बादली खाली नेऊन कचऱ्यात रिकामी करायची असते. ते काम पास्टरांनी माझ्याकडे दिलंय. म्हणतात, "रंभाबाईंच्या हातात ती सुरक्षित."

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाय, तुजी सुटली त माजी का नाय सुटनार?" मी आपली "प्रभूची स्तुती असो" म्हणून मोकळी झाले. तुला वाटलं असेल बहीण भारी देवभक्त झाली.

भाऊजींना नमस्कार सांग. दिपिकाच्या अभ्यासाकडे लक्ष दे.

तुझी बहीण,
रंभा

सुकापूर
२० जानेवारी

चि. चंद्रावतीस,

आशीर्वाद. गुणाबाईकडून निरोप मिळाला की तू सव्वीसला मेळाव्याला येणार, आणि आईची पितळी डबी बादलीत टाकणार. पोरी, एवढी घाई कशाला?

एक तर तिथे गर्दी फार. वर हॉलमध्ये पंखे दोनच. तू अजून तुळशीला पाणी घालणारी, तुला ती गाणी, ते टाळ्या वाजवणं परकं वाटेल. सोडायचीच असेल तर तिकडेच सोड ना! गाढी नदी दारावरून वाहते, तिच्यात टाक. देव काय फक्त नवीन पनवेलमध्ये राहतो?

आणि आईची डबी टाकू नकोस. दुसरी टाक. आईच्या हाताची तेवढी एकच वस्तू आपल्याकडे उरली. पहाटे तव्यावर तंबाखू भाजायची, आपण दोघी ठसके देत अंगणात पळायचो, आणि ती हसून म्हणायची, "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाय गो." शेवटी तिला तोंड उघडता येत नव्हतं. चमच्याने पेज पाजायचो आणि ती बोटानेच डबी दाखवायची. तू द्यायचीस. मी नको म्हणायचे, आणि तू पाठमोरी झालीस की मीच द्यायचे.

हे कशाला लिहिलं? लिहिता लिहिता आलं. ह्या घरात धड निवांत बसताही येत नाही. न्हाणीघरात गेलं तरी परेश दार वाजवतो, "आई, किती वेळ नळ चालू?" मोटारीचं बिल वाढतं म्हणे. चौथ्या मजल्यावर कोंडल्यासारखं होतं मला. पूर्वी शेताच्या बांधावर कुठेही बसावं, कोण बघायला येत होतं?

तू येऊ नकोस असं मी म्हणत नाही. पण विचार कर.

रंभा

सुकापूर, नवीन पनवेल
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय चंद्रे,

हे पत्र एकटीने वाच. चष्मा लाव आणि मागच्या पडवीत बस. दिपिकाला वाचायला देऊ नकोस.

माझी मिश्री सुटलेली नाही.

सांगितलं एकदाचं. आता बाकीचंही ऐक. डबी टाकली तेव्हा खरंच सुटली होती. मी खोटं बोलत नव्हते. डोकं दुखायचं, पोट साफ व्हायचं नाही, हे समोर आले तरी मी खेकसायचे, पण प्रार्थना करत ढकलत होते. लोक टाळ्या वाजवत होते. मग बादली माझ्या हातात दिली. दुधाची राखण मांजराकडे! पास्टर शहरातले, त्यांना मिश्रीतलं काय कळणार? त्यांना वाटलं एकदा टाकली की संपलं. आणि मलाही "मला देऊ नका" म्हणवेना. कारण तसं म्हटलं असतं तर साक्ष देणारी बाई अजून डबीला भिते हे सगळ्यांना कळलं असतं.

गेल्या पावसाळ्यात एकदा जिन्यात उभी राहून एक डबी नुसती हुंगली. पुढच्या खेपेला ती कनवटीला लागली. मग तेच सुरू झालं. मी वर माईकवर सांगायचे, बायका रडत रडत डब्या टाकायच्या, आणि त्याच डब्या मी घरी आणायचे. दुकानातून विकत घ्यायचीही गरज उरली नाही. जितकी माझी साक्ष चांगली व्हायची तितकी बादली भरायची. यातून बाहेर कसं पडायचं तेच कळेना. खरं सांगावं तर पास्टरांचं नाक कापलं जाणार, प्रभूचं नाव बदनाम होणार. न सांगावं तर दर रविवारी तोच माईक. डॉक्टरीणबाईंकडे जात नव्हते तेही याचसाठी. तोंडात बॅटरी मारली की त्यांना सगळं दिसलं असतं.

आणि सव्वीस तारखेला तू आलीस. हिरवं लुगडं नेसून, केस चापून चोपून. माझं बोलून झालं तशी उठलीस. डबी टाकलीस तेव्हा पितळेचा आवाज सगळ्या हॉलने ऐकला. मग माझ्या गळ्यात पडून म्हणालीस, "बाय, तू होतीस म्हनून." चंद्रे, मला त्या वेळी मरण आलं असतं तरी चाललं असतं.

तुला रिक्षात बसवून परत वर आले आणि बादली घेऊन खाली गेले. आईची डबी कचऱ्यात टाकवेना. म्हटलं, आठवण म्हणून ठेवू. खोटं. माझं मला कळत होतं. घरी येऊन न्हाणीघरात कडी लावली, नळ सोडला आणि झाकण उघडलं. तू अगदी आईसारखी भाजतेस गं. तोच वास. मी बोट बुडवलं आणि लावली. तू देवाला दिलेली मिश्री मी लावली.

तिथेच न्हाणीतली बादली पालथी घालून तिच्यावर बसले. रोज मी प्रभूला सांगायचे, सोडव, मला सोडव. त्या दिवशी पहिल्यांदा खरं बोलले. म्हटलं, प्रभू, मला ही सोडायचीच नाही. मला ही आवडते. तुझ्यापेक्षा आवडते. आता तूच बघ काय करायचं ते. आणि मग जे रडू आलं ते थांबेना. वीज कोसळली नाही. उलट कोणीतरी शेजारी येऊन बसल्यासारखं वाटलं. तुला पटणार नाही, पण मी आता तुला काहीच रंगवून सांगत नाही. जसं झालं तसं लिहितेय.

दार उघडलं तर अंकिता उभी. म्हणाली, "आई, नळ बंद करा. मला वास येतो. रोज येतो." मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? तर म्हणते, "तुम्ही सांगाल म्हणून थांबले." ही एवढीशी पोर! मी हिला कुकरवरून बोलत होते.

दुसऱ्या दिवशी तिनेच दवाखान्यात नेलं. गालाच्या आत पांढरा चट्टा आहे. त्याचा तुकडा काढून तपासायला पाठवलाय. अजून काही कळलं नाही. आईचं तोंड डोळ्यांपुढून हलत नाही. ह्यांना सांगितलं तर एवढे भांडकुदळ, पण पेरू आणला होता तो बारीक चिरून माझ्यापुढे ठेवला. बिया काढून.

दवाखान्यातून तशीच पास्टरांकडे गेले. मला वाटलं झापतील. त्यांनी खुर्ची पुढे केली. म्हणाले, "रंभाबाई, बादली मीच दिली तुमच्या हातात. तुम्हाला कधी विचारलंही नाही." पुढच्या रविवारी काही बोलू नका, विश्रांती घ्या, असंही म्हणाले. मी म्हटलं, नाही. जिथे चढवलंत तिथूनच उतरायचंय.

काल सगळ्यांसमोर सांगितलं. माईक घेतला नाही. पहिल्या रांगेतली सुमती उठली. गेल्याच महिन्यात तिने डबी टाकली होती. म्हणाली, "मंग आमच्या डब्या?" मी म्हटलं, तुमच्या डब्या मी लावल्या. दोघी-तिघी उठून निघून गेल्या. मागून कोणीतरी "ढोंगी" म्हणालं. खरं तेच म्हणालं. सुमती मात्र गेली नाही. सभा संपल्यावर माझ्याजवळ आली, बादली उचलली आणि म्हणाली, "चल, दोगी जाऊ खाली." बादली रिकामीच होती. काल कोणी काही टाकलं नव्हतं. तरी आम्ही दोघी ती धरून जिना उतरलो.

आता मला भीती एकच आहे, ती तुझी. गुणाबाई सांगते, तू त्या दिवसापासून लावलेली नाहीस. कपाळाला फडकं बांधून बसतेस, भाऊजींवर ओरडतेस, पण लावत नाहीस. आणि हे पत्र वाचून तू म्हणशील, बाय खोटी तर तिचा देव खोटा, आणि तवा चढवशील. चंद्रे, माझी साक्ष खोटी होती. पण ती ऐकून तू केलंस ते खरं आहे. मी जे नुसतं बोलले ते तू करून दाखवलंस. माझ्यावर राग धर, वर्षभर बोलू नकोस, माझ्या दारचं पाणी पिऊ नकोस. पण तवा चढवू नकोस. आईच्या तोंडात पेज घालणाऱ्या आपण दोघीच उरलोय.

आणि राग थोडा निवला तर मला शिकव. सकाळी उठल्याबरोबर हात डबीकडे जातो तेव्हा तू त्या हाताचं काय करतेस? लवंग चघळतेस का? घराबाहेर निघून जातेस का? थोरली मी, पण या कामात तू थोरली. तुझ्याकडे आठ दिवस राहायला येऊ का? ये म्हणालीस तर तुकड्याचा निकाल हातात आला की येते, तो काहीही असो.

आईची डबी गुणाबाईच्या टोपलीत दिलीय. चिंचेने घासली, आत वास राहू नये म्हणून उन्हात ठेवली. उघडून बघ, रिकामी आहे. तशीच रिकामी ठेव. मी आले की आधी ती उघडून मला दाखव, मग पाणी विचार.

आज सकाळी नुसत्या पाण्याने तोंड धुतलेली,
तुझी बाय
रंभा