भज्जीपुरता बांध

विष्णुपुरी, नांदेड
२३ डिसेंबर २०२५

प्रिय महांतेश,

शरणार्थ. आम्ही बरे आहोत. यांचा खोकला उतरलाय, धरणावरचा गार वारा तेवढा सोसत नाही. अंजूने निघताना पिशवीत कोंबलेले बाजरीचे उंडे कालपर्यंत पुरले. तिला सांग, चव आईच्या हातचीच होती.

हे तिला त्या दिवशी तिथेच जेवून सांगायचं होतं. पण येळवशीला, भर अमावास्येच्या सणाला, मी आंबीलही न पिता शेतातून निघाले. पाहुण्यांना वाटलं, अक्काला ऊन लागलं. तुला ठाऊक आहे काय लागलं ते.

आईच्या वेळी येळवशीच्या भज्जीत विकतचं काही पडत नसे. सकाळीच टोपली घेऊन आपण दोघं बांधाने निघायचो. तुरीच्या शेंगा, वाल, आंबट चुका, ओढ्याकाठच्या चिंचेचे आकडे, सगळं एकाच पातेल्यात शिजायचं. मी हॉस्टेलच्या वॉर्डन सिस्टरांना सुट्टी मागताना सांगायची, की आमच्याकडे शेताचीच पूजा असते. यंदा अंजूने उदगीरच्या बाजारातली वाटाण्याची पिशवी सोडली आणि मी चारचौघांत बोलून गेले, "पूजा शेताची, आणि नैवेद्य बाजाराचा?" आपल्या घरची सून ती, बिचारीचं तोंड उतरलं. तणनाशकाने वाल, चुका काही उरू दिलं नाही, नुसत्या तुरीवर ती भज्जी करणार कशी?

तू हसत म्हणालास, "अक्का, भज्जी वर्षातून एकदा लागती. पोरांची फी दर सहा महिन्याला हाय. पेन्शनवाल्यांनी पाखरं मोजावी, आम्हाला पोती मोजावं लागतेत."

खरं बोललास, म्हणून जास्त लागलं.

पण सप्टेंबरच्या पावसात तुझं सोयाबीन शेंगेतच कुजलं. बांधावरची तूर तेवढी उभी राहिली. त्यावरून तू काय ठरवलंस? संक्रांतीनंतर जेसीबी. बांध सपाट, चिंच, पळस, बोर सगळं उपटायचं आणि तिथेही सोयाबीनच्या चार ओळी. एका पिकाने बुडवलं म्हणून तेच पीक आणखी पेरायचं. चीड येते रे. आणि तुझ्यावर चिडावं, तर तुझ्या जागी मी काय केलं असतं तेही सांगता येत नाही. चिंचेवर मोहोळ बसलंय, पाहिलंस का? त्याच माश्या शेजाऱ्यांच्या करडईवरही फिरतात. त्या कुठे जातील?

इतकं लिहिलं, तरी ज्यासाठी कागद घेतला ते अजून राहिलंच.

अप्पा गेल्यावर मी तुला म्हणाले होते, बहिणीला वाटा नको, माहेर हवं. हक्क सोडल्याची सही तेवढी राहून गेली. आता मला वाटा हवा आहे. सगळा नव्हे. ओढ्याकडचा, बांधासकट अर्धा एकर. बाकीच्यावर सही करते. त्या तुकड्यात तूच पेर, पण मिसळ पेर: ज्वारी, तूर, वाल, कडेने करडई. पिकेल ते तुझं. सोयाबीनपेक्षा कमी पडलं, तर तूट माझ्या पेन्शनमधून. झाडं मात्र माझी.

बहिणीने वाटा मागितला, हा बोभाटा उदगीरपर्यंत जाईल. यांनाही मी अजून सांगितलेलं नाही. सही न करता मी माहेरी जेवत आले, ते काय याचसाठी, असंही तुझ्या मनात येईल. येऊ दे.

आधी जेसीबीवाल्याला नको म्हण, मग हवं तितकं रागाव. पुढच्या येळवशीला मला बोलावलं नाहीस तरी चालेल. अंजूला मात्र सकाळी बांधावर पाठव, रिकामी टोपली घेऊन.

तुझी, वाटा मागणारी,
नीलाक्का