वच्छलाताईचा आवाज

रेवतीचे बाबा,

मी रेवतीले घेऊन दर्यापूरच्या सरकारी दवाखान्यात चालली. लसीच्या कागदावर मीच सही केली. सिस्टर म्हणाल्या, हात दुखेल, एखादा दिवस कणकण येईल, पुढं लेकरू होण्याशी लसीचा काही संबंध नाही. टोचल्यावर अर्धा तास तिथंच बसवतात, म्हणून यायले दुपार होईल. वरण चुलीवर आहे, जेवून घेजा.

तुमी चार दिवसांपासून मोबाईलवर आलेल्या रेकॉर्डिंगमधल्या त्या बाईचं रडणं ऐकून राहिले. 'पोरीले लस देऊ नोका, ती वांझ होते,' म्हणते ती. आवाज तुमच्या बहिणीसारखा आहे, हे मलेही पहिल्याच दिवशी समजलं. वच्छलाताईले जाऊन तीन वर्सं झाली, तरी तोच घोगरा सूर, बोलता बोलता तसंच थांबणं. काल रेवतीनं इचारलं, "आई, आत्या माझंच नाव घेऊन काहून सांगते?" मी ते तीनदा ऐकलं. त्यात रेवतीचं नाव कुठंच नाही.

पण अकोल्याच्या दवाखान्यात शेवटच्या हप्त्यात ताईजवळ मी होती, तुमी नव्हते. ही लस गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची आहे, तोच कॅन्सर त्यांले होता. माझा हात धरून त्या म्हणाल्या, "वयनी, याची लस निघाली म्हणतात. आपल्या रेवतीले देजो." त्यांनी नाव घेतलं ते तेवढंच, आणि ते मी माझ्या कानानं ऐकलं.

मोबाईलमधली बाई कोण आहे, मले माहीत नाही. मी ते रेकॉर्डिंग मोबाईलमधून पुसलं नाही. आमी घरी यायच्या आधी तुमीच पुसून टाका.

साधना